घाट चढून आल्यावर

टर्बो खोलला की मी सगळ्यात आधी शाफ्टचा रंग बघतो. पोलाद तापलं की त्याच्या अंगावर रंग उमटतात आणि गार झाल्यावरही ते राहतात. साधारण सव्वादोनशे अंशांच्या पुढे फिकट पिवळा, मग तपकिरी, पावणेतीनशेच्या आसपास जांभळा आणि तीनशेला निळा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जुन्या टर्नरांना हे रंग पाठ असतात, कारण हत्याराला पाणी देताना नजर याच रंगांवर ठेवावी लागते. टर्बोच्या शाफ्टवर ते कुणी मुद्दाम आणलेले नसतात. एक्झॉस्टच्या चाकाकडचं टोक निळं पडलेलं, तिथल्या बुशवर नखानं न निघणारी काळी पापडी, आणि कॉम्प्रेसरकडचं टोक मात्र चकचकीत. असा शाफ्ट हातात आला की ड्रायव्हरनं काही सांगायच्या आधीच मला बरंच कळलेलं असतं. तेलाचा तुटवडाच झाला असता, तर दोन्हीकडचे बुश खरवडलेले दिसले असते. इथे एकच बाजू भाजलेली आहे. ही गाडी तापलेली असताना थांबली, थांबताक्षणी बंद झाली, आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं.

कोल्हापुरात टर्बोचं काम करणाऱ्याकडे घाट चढून आलेल्या गाड्या जास्त येतात. कोकणातून देशावर यायचं तर आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांपैकी एखादा घाट चढावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या भरलेल्या पिकअप साखरप्यापासून वर यायला लागतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून. गाडीला वेग नसतो, त्यामुळे बॉनेटखाली वारा पोहोचत नाही. हवा तापलेली, माल पासिंगपेक्षा जास्त. इंजिनाला याहून कठीण अवस्था रोजच्या वापरात क्वचितच येत असेल. घाट संपतो तिथे आंबा गाव आहे आणि गावात चहा आहे. ड्रायव्हर पहाटेपासून गाडीत बसलेला असतो, त्याची पाठ धरलेली असते. तो गाडी कडेला घेतो, चावी फिरवतो आणि उतरतो. त्याच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

टर्बो काय करतो ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरतं, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या उष्णतेतून ताकद काढायची, ही कल्पना मला आजही मोठी वाटते. लहान गाडीच्या टर्बोतला शाफ्ट जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीचा असतो आणि पूर्ण भारावर तो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. या वेगाला बॉलबेअरिंग बहुतेक गाड्यांत वापरत नाहीत. शाफ्ट पितळी बुशमध्ये, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतच नाही.

या तेलाला दोन कामं असतात. शाफ्टला तरंगत ठेवणं हे सगळ्यांना माहीत असलेलं काम. दुसरं काम म्हणजे मधल्या भागातली उष्णता उचलून खाली सम्पमध्ये नेऊन टाकणं, आणि त्याबद्दल मी फार कमी लोकांना बोलताना ऐकलंय. एक्झॉस्टच्या बाजूला पूर्ण भारावर डिझेल गाडीत सातशे-आठशे अंशांचा वायू येतो, पेट्रोल गाडीत नऊशे-हजार. त्या बाजूच्या चाकाचं घर बिडाचं, चांगलं जाडजूड. त्याला लागूनच, काही सेंटिमीटरवर, बुश आणि तेल. इतक्या जवळ राहून बुश जळत नाही, कारण तेल सतत वाहतं. ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की पंप बंद, तेल जागच्या जागी थांबलं. बिडातली उष्णता मात्र चावी फिरवल्यानं कुठे जात नाही. ती गार बाजूकडे सरकू लागते, आणि गार बाजू म्हणजे बुश, शाफ्ट आणि त्यांच्यामध्ये अडकलेलं चमचाभर तेल. दोन-अडीचशे अंशांच्या पुढे ते तेल शिजायला लागतं. पातळ भाग उडून जातो, उरतो तो कोळसा.

आमच्या भागातल्या माणसाला हे पटवायला गुऱ्हाळ पुरतं. गूळ तयार झाला की चुलवाणातला जाळ ओढून भागत नाही, काहील तिथून हलवावीच लागते. जाळ नसला तरी तळ तापलेलाच असतो, आणि ढवळणं थांबलेला रस तळाला करपतो. गुळव्या त्या घटकेला कुणाशी बोलत नाही.

टर्बोबद्दल एक समज फार पसरला आहे, की इंजिन बंद केल्यावरही तो कितीतरी वेळ कोरडाच फिरत राहतो, म्हणून थांबायचं. हे अर्धंच खरं आहे. इंजिन न्यूट्रलला शांत चालू असेल तर शाफ्टचा वेग आधीच खूप उतरलेला असतो आणि बंद केल्यावर तो काही सेकंदांत थांबतो. तेवढ्यापुरता तेलाचा थर टिकून असतो. कोरडं फिरण्याचा धोका खरा ठरतो तो रेस मारून बंद करणाऱ्यांच्या बाबतीत. जुन्या ट्रकवर शिकलेल्या कितीतरी ड्रायव्हरांना बंद करण्याआधी एक जोराची रेस द्यायची सवय आहे, आणि ती पुढच्या पिढीनं नुसती बघून उचलली. टर्बो असलेल्या गाडीत त्या रेसनं शाफ्ट एकदम वेग घेतो आणि नेमकं त्याच क्षणी तेलाचा दाब जातो. ही सवय मी दिसेल तिथे मोडायला सांगतो, आणि जरा कठोरपणेच सांगतो. पण रेस न मारणाऱ्यांचेही टर्बो माझ्या टेबलावर येतात. त्यांचं नुकसान फिरण्यानं झालेलं नसतं. उष्णता आत मुरल्यानं झालेलं असतं, आणि ते गाडी बंद झाल्यानंतर होतं, ड्रायव्हर चहा पीत असताना.

हे डोळ्यांनी दाखवता आलं ते एका उन्हाळ्यात. इंटरकूलरचा होज फाटलेली एक गाडी बघायला मी आंब्याला गेलो होतो. काम संपवून बसलो होतो, तेवढ्यात पेट्यांनी भरलेली एक पिकअप वर आली आणि ड्रायव्हरनं थांबताक्षणी इंजिन बंद केलं. पन्नाशीचा, अनुभवी माणूस. ओळख निघाली. माझ्या पिशवीत उष्णता मोजायचं पिस्तूल होतं. मी म्हटलं, "मामा, बॉनेट उघडा जरा." हीट शील्डच्या फटीतून एक्झॉस्टच्या घरावर नेम धरला, मग मधल्या भागावर, जिथे तेलाची लाइन येते तिथे. दोन्ही आकडे त्यांना दाखवले आणि दर थोड्या वेळानं पुन्हा धरत राहिलो. एक्झॉस्टकडचा आकडा हळूहळू उतरत होता. मधला मात्र चढत होता. इंजिन बंद, पंखा बंद, आणि मधला भाग मिनिटामिनिटाला अधिक तापत चाललेला.

"मिस्त्री, बंद केल्यावर गार व्हायचं सोडून तापायलंय कसं हे?"

मी उत्तर दिलं नाही. मागून दुसरी पिकअप येत होती, त्यांच्याच गावची. त्या पोराला हात करून थांबवलं आणि इंजिन बंद करू नकोस म्हणून सांगितलं. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून पुन्हा पिस्तूल धरलं. पहिल्या मिनिटात एक्झॉस्टचा आकडा धडाधड खाली आला, कारण न्यूट्रलला डिझेल इंजिनातून येणारा वायू शे-दोनशे अंशांचाच असतो आणि तो त्या तापलेल्या बिडाला आतून गार करत जातो. दुसऱ्या मिनिटात उतरणं मंदावलं. मग बंद करायला लावलं. मधला भाग थोडा चढला, पण पहिल्या गाडीच्या जवळपासही गेला नाही. मामा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारलं की आजवर त्यांच्या हाताखाली गेलेले टर्बो यामुळेच गेले का. मी त्यांना खरं ते सांगितलं: काही यामुळे गेले असतील, काही तेल उशिरा बदलल्यानं, काही एअर फिल्टर फाटल्यानं. टर्बो जायला एकच कारण क्वचित असतं. करपलेलं तेल आणि जुनं तेल एकमेकांना हात देतात. कोळशाचा कण सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकतो, वाट अरुंद होते, मग तेल कमी पोहोचतं आणि शाफ्टला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. सीलची रिंग तिच्या खाचेत कोळशानं घट्ट बसते आणि तेल एक्झॉस्टमध्ये उतरतं. निळा धूर दिसतो तो या सगळ्याच्या शेवटी.

किती वेळ थांबायचं, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. लोकांना एक आकडा हवा असतो. मी उलट विचारतो की शेवटचे दोन-तीन किलोमीटर कसे आलात? गावात शिरून, गल्लीबोळांतून सावकाश घरी आलेल्या गाडीला थांबायची जवळजवळ गरजच नसते, ती वाटेतच निवलेली असते. अशा माणसाला दारात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून शेजाऱ्यांना धूर द्यायला मी सांगणार नाही. घाट उतरून आलेल्या गाडीचंही तसंच. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून गाडी पलीकडे वेळे-सुरूरकडे उतरते. उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिन डिझेल घेणंच थांबवतं आणि टर्बोतून नुसती हवा जाते, तेल मात्र जोरात फिरत असतं. टर्बो गार करायला याहून चांगली सोय नाही. तिथे खाली येऊन जेवायला थांबणारा सुखरूप असतो, आणि चढ संपताच माथ्यावर फोटोसाठी थांबून चावी काढणारा टर्बोला भाजतो. घाट तोच, इंजिन तेच. म्हणून पिकअपवाल्यांना मी सांगतो की चहा घाटमाथ्यावरच हवा असेल तर मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा, आणि जमत असेल तर दोन-तीन किलोमीटर पुढे हलक्या पायानं जाऊन मग प्या.

हायवेवर गोष्ट वेगळी होती आणि आता बदलली आहे. पूर्वी किणीच्या किंवा तासवडेच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी हळूहळू सरकत राहायची आणि त्यात टर्बो आपोआप निवायचा. 2021 च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, रांगा आटल्या, ते चांगलंच झालं. पण शंभरच्या वेगानं तासभर आलेली गाडी आता सरळ हॉटेलच्या आवारात शिरते आणि अर्ध्या मिनिटात बंद होते. घाट नाही, चढ नाही, म्हणून कुणाच्या मनातही येत नाही. शंभरचा वेग सलग धरला तर टर्बो सपाट रस्त्यावरही चांगलाच तापलेला असतो.

फार वेळ थांबणंही बरं नाही, हे 2020 च्या एप्रिलनंतर, म्हणजे बीएस-सिक्स आल्यावर, जास्तच लागू झालं. डिझेल गाड्यांना आता काजळी पकडणारा फिल्टर असतो. इंजिन तासन्तास नुसतं चालू ठेवलं तर काजळी साचते आणि ती जाळायला लागणारी उष्णता न्यूट्रलला तयार होत नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीनं दहा-दहा मिनिटं गाडी चालू ठेवणाऱ्यांना मी थांबवतो. पहिल्या एक-दीड मिनिटात जे साधायचं ते बहुतेक साधून जातं.

पेट्रोल टर्बो गाड्या आमच्याकडे भरपूर झाल्या त्या गेल्या दहा वर्षांत. पेट्रोलचा वायू जास्त तापतो, म्हणून या टर्बोंच्या मधल्या भागात बहुधा पाणी खेळवलेलं असतं. 1980 च्या दशकात परदेशी पेट्रोल गाड्यांमध्ये तेल करपून बुश जायला लागले, त्यावर शोधलेला हा उपाय. त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा, की इंजिन बंद झाल्यावरही हे पाणी काम करत राहतं. तापलेलं पाणी वर जातं, त्याच्या जागी गार पाणी येतं, आणि पंपाशिवाय ते फिरत राहतं. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा छोटा विजेचा पंपही असतो. रेडिएटरचा पंखाही कधी कधी गाडी लॉक केल्यावर सुरू राहतो.

या आवाजाला लोक घाबरतात. एका गृहस्थांना वाटलं की बॅटरी उतरेल. त्यांनी एका वायरमनकडून तो आवाजच बंद करून घेतला: पंखा आणि तो छोटा पंप चावीवर जोडला, चावी काढली की सगळं थांबलं. ते समाधानानं वर्षभर फिरले. माझ्याकडे आले तेव्हा टर्बोजवळचे रबरी होज कडक होऊन तडकले होते, पाणी गळत होतं, आणि तेलाच्या लाइनच्या तोंडाशी कोळसा जमला होता. मी आधी वायरिंग होतं तसं करून घेतलं, मग बाकीच्या कामाला हात लावला. त्या गृहस्थांचा मला राग आला नाही. गाडी विकताना कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की हा आवाज म्हणजे गाडी स्वतःची काळजी घेते आहे. चावी हातात देताना फुलांचा हार घालतात, फोटो काढतात. त्याच वेळात ही दोन वाक्यं सांगता येतात.

पण मला खरं बोलायचं आहे ते भाड्याच्या आणि मालाच्या गाड्यांबद्दल, कारण तिथे चावी एकाच्या हातात असते आणि निर्णय दुसऱ्याच्या. मालकांनी आता गाड्यांना जीपीएस लावले आहेत. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, आणि इंजिन चालू ठेवून कुठे उभी आहे, हे सगळं त्यांच्या मोबाइलवर येतं. डिझेल वाचवायचं म्हणून इंजिन चालू उभं राहिलं की निरोप जातो आणि मालकाचा फोन येतो. मला अनेक ड्रायव्हरांनी सांगितलंय की थांबायला हवं हे त्यांना ठाऊक आहे, पण फोन येतो म्हणून ते लगेच बंद करतात. काहींचा त्यावरून पगार कापला गेलाय. आणि पुढे टर्बो गेला की तोच मालक त्याच ड्रायव्हरला माझ्या दारात उभा करून विचारतो, "गाडी कशी चालवलीस?"

याचा हिशोब मी अनेकांना कागदावर मांडून दाखवला आहे. पिकअपचं इंजिन न्यूट्रलला तासाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल खातं. म्हणजे मिनिटाला दहा-पंधरा मिलिलिटर, रुपया-सव्वा रुपया. दुसऱ्या बाजूला टर्बोचा खर्च दहा हजारांच्या पटीत जातो, शिवाय गाडी उभी राहते, आणि आंब्याच्या हंगामात उभी राहिलेली गाडी म्हणजे काय ते मालकाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. हा खर्च ड्रायव्हरच्या पगारातून वळता करू म्हणणारेही भेटतात. अशा वेळी मी बिलावर बिघाडाचं कारण स्वच्छ मराठीत लिहितो: गरम अवस्थेत इंजिन तात्काळ बंद झाल्यानं तेल करपलं. कुणी सांगितलं तरी 'ड्रायव्हरची चूक' असे शब्द मी लिहीत नाही. ज्याला दीड मिनिट थांबण्याची मुभा नव्हती, त्याच्या नावावर ते भाजणं टाकता येत नाही.

आंब्याला भेटलेल्या त्या मामांनी हंगाम संपायच्या आत माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून नेली. त्यांच्या मालकाच्या बऱ्याच गाड्या आहेत. चिठ्ठीत मी घाटाचं, पिस्तुलाच्या आकड्यांचं आणि डिझेलच्या हिशोबाचं लिहिलं, खाली दुकानाचा शिक्का मारला. आठवडाभरात मालकाचा फोन आला. मला वाटलं वाद घालतील. त्यांनी एवढंच विचारलं, की जीपीएसवाल्याला आयडलिंगची मर्यादा किती मिनिटांची ठेवायला सांगू. मी तीन म्हणालो. मागून मामांचा आवाज आला, "मिस्त्रींना म्हणावं, करूळचं बी विचारतोय म्हणून सांगा." मालकांनी फोन त्यांच्याच हातात दिला. मग करूळ चढून गगनबावड्याला वर आल्यावर गाडी नेमकी कुठे उभी करायची, सावली कुठे आहे आणि कुठल्या बाजूनं वारा लागतो, यावर आम्ही दोघं बराच वेळ बोलत राहिलो.